गोधडी शिवताना रंग नंतर बघ, आधी कापडाचं वय ओळख

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आजीच्या सात साड्या आहेत, त्यातल्या दोन नऊवारी, बाबांचे पाच जुने शर्ट, थोड्या ओढण्या, घरात शिलाई मशीन नाही, आणि व्हिडिओत दाखवतात तसं ते गोल कटर, हिरवी मॅट, पारदर्शक पट्टी हे सगळं आणावंच लागतं का, की पॅटर्न न ठरवता जमेल तसं जोडत गेलं तरी चालेल, आणि तसं केलं तर ओबडधोबड दिसेल का, पोटात कापूस भरायचा का, असं सगळं विचारलंयस. ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगंवरच येते. मी २८ वर्षं गोधड्या शिवतेय, माहेर सांगलीकडचं, आमच्याकडे वाकळ म्हणतात, लग्नानंतर पुण्यात आले आणि गोधडी म्हणायला लागले, पण हात तोच आहे जो आईने लावून दिला.

पहिलं म्हणजे काही विकत आणू नकोस. चांगली धारेची कात्री, दोन-तीन सुया, जाड सुती दोरा, एक अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) आणि डझनभर मोठ्या सेफ्टी पिना, बास. ते कटर-मॅट प्रकरण नव्या कापडाचे एकसारखे चौकोन कापायला असतं, परदेशातल्या गोधडीकामात, म्हणजे क्विल्टिंगमध्ये, त्याची गरज पडते कारण तिथे पाव इंचाची शिवण चुकली की पुढचे कोपरे जुळत नाहीत. आपल्याला कोपरे जुळवायचेच नाहीयेत.

आता खरं सांगायचं ते हे, की जवळजवळ सगळे जण सुरुवात रंगापासून करतात. साड्या पसरतात आणि हा हिरवा या लालशेजारी छान दिसेल असं ठरवायला बसतात. मी पण सुरुवातीला तेच करायचे. पण गोधडी टिकते ती कापडाच्या वयावर. आजीची रोज नेसलेली साडी आणि लग्नाकार्यालाच काढलेली साडी या दोन एकाच वर्षी घेतलेल्या असल्या तरी त्यांचं वय एक नसतं. तू काय कर, भर दुपारी खिडकीत उभी राहा आणि एकेक कापड उजेडासमोर धर. जिथून उजेड भसकन येतो तिथे कापड विरलंय. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकेच ताण, आधी उभ्या धाग्यात मग आडव्या. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून जाळी पडली तर ते कापड वर लावायचं नाही, ते पोटात. असे तीन ढीग कर, एक घट्ट कापडांचा, दुसरा मऊ पडलेल्या पण दम असलेल्यांचा, तिसरा विरलेल्यांचा. एकाच साडीचे तुकडे तीनही ढिगात जातील, हे अगदी नॉर्मल आहे, कारण साडी निऱ्यांपाशी आणि बसायच्या जागी आधी विरते आणि पदर बराच काळ शाबूत राहतो. जुन्या बायका म्हणूनच मधला विरलेला भाग काढून टाकून दोन चांगली टोकं जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणतात, आणि दंड घातलेलं लुगडं पुढे चार वर्षं निघायचं.

याचं कारण साधं आहे. घट्ट कापड आणि विरलेलं कापड शेजारी शिवलं की धुताना ओल्या गोधडीचं सगळं वजन त्या शिवणीवर येतं, घट्ट कापड ओढतं आणि विरलेलं शिवणीच्या कडेने फाटत जातं. म्हणजे टाका उसवत नाही, टाक्याशेजारचं कापड जातं, आणि ते दुरुस्त करायला मग ठिगळावर ठिगळ. सारख्या वयाची कापडं शेजारी असली की सगळी मिळून म्हातारी होतात.

आटण्याचंही तसंच. नवीन सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत शेकडा तीन ते पाच टक्के आटू शकतं, म्हणजे पाच फुटांत दोन-तीन इंच. जुनी साडी शंभर वेळा धुतलेली असते, तिचं आटायचं ते आटून झालेलं असतं. माझ्या स्वतःच्या संसारातली पहिली गोधडी मी अशीच घालवली, वरची-खालची साडी सासूबाईंची आणि मध्ये दुकानातून आणलेलं कोरं मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, न धुता घातलं. दिसायला इतकी सुंदर झाली होती, आणि पहिल्या धुण्यात पोटातलं मांजरपाट आकसलं, वरच्या साडीला सगळीकडे चुण्या पडल्या आणि दोन ठिकाणी ती फाटलीच. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार लागलं ते, कारण ती साडी परत येणार नव्हती. तेव्हा नवीन काही घालायचंच असेल तर गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच.

कापड सुती आहे का याची खात्री नसेल तर कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धर आणि काडी लाव (बेसिनवर, मुलं लांब ठेवून). सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टर साड्या वाईट नाहीत पण त्या घाम शोषत नाहीत, सुती कापडावर घसरतात आणि विरतही नाहीत, म्हणजे दहा वर्षांनी सुती विरून जाईल आणि हिचा तुकडा तसाच चकचकीत राहील. त्यांच्या पिशव्या कर, पायपुसणी कर. इरकल असेल तर लक्षात ठेव, अंग सुती असलं तरी पदर बहुतेक रेशमी किंवा नकली रेशमाचा असतो, दोन्ही वेगळं वागतात, तर पदर वेगळा काढून ठेव. जरीचे काठ मला खूप आवडतात पण ते तोंडाच्या बाजूला नको, रात्री गालाला ओरखडे येतात, पायाकडे किंवा उलट बाजूला लाव.

रंग जातो का बघायला पांढरं ओलं फडकं त्यावर जोरात घास. जाणारा असेल तर वेगळं धुवत राहा जोवर पाणी नितळ येत नाही. मीठ घातल्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण एकदा रंगवून विकलेल्या कापडाचा रंग मिठाने काही पक्का होत नाही, ते मीठ वाया घालवू नकोस. लाल आणि काळ्याबद्दल शंका असेल तर सरळ पोटात टाक, पण मग वरचं कापड पांढरं धोतर असता कामा नये.

साइझचं सांगते. सहावारी साधारण साडेपाच मीटर असते आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच धर. साडी मधोमध कापून दोन भाग शेजारी शेजारी दंड घालून जोडले तर जवळपास साडेसात फूट बाय नऊ फूट होतं, म्हणजे डबल बेडची एक बाजू झाली. पण पहिली गोधडी एवढी करू नकोस. पन्ह्याएवढी रुंद आणि पाच फूट लांब कर, ४५ बाय ६०. एकाच साडीतून असे तीन तुकडे निघतात आणि वर पदराचा मीटरभर उरतो. खाली एक, मध्ये एक, वर एक, आणि त्यावर तुझे तुकडे. दीड इंचावर ओळ आणि इंचाला चार टाके धरले तर या मापाला सात हजारांच्या आसपास टाके पडतात, आणि पाच बाय साडेसात फुटांची घेतलीस तर चौदा हजारांच्या वर. हा हिशोब घाबरवायला सांगत नाहीये, रोज रात्री तासभर बसलीस तर लहान गोधडी महिना-दीड महिन्यात होते आणि तोवर हात बसतो.

आता ते जोडायचं कसं. तू विचारलंस की न ठरवता केलं तर कसं दिसेल, तर मी तुला सिद्दी बायकांचं सांगते. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलाकडच्या भागात, यल्लापूर-हळियाळकडे, सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, पुष्कळसे गोव्यातल्या पोर्तुगीजांकडे गुलाम म्हणून. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते. खाली साडी पसरलेली असते, कोपऱ्यात एक तुकडा ठेवला, कडा मुडपली, धावदोरा (वरखाली सरळ पुढे जाणारा साधा टाका) घातला, तो संपत आला की त्याच्या कडेखाली पुढचा तुकडा सरकवायचा, असं करत कडेकडेने चारही बाजू फिरायच्या आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवायचं. तुकडे आधी जोडून नंतर शिवायचे असं नसतंच, तुकडा लागतो तेव्हाच सगळे थर एकत्र शिवले जातात. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांच्या पाकळ्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलं नसलेली कवंदी त्यांच्या लेखी नागडी.

मला यात सगळ्यात आवडतं ते काय, तर बाहेरून आत शिवत आलं की कापड मध्ये गोळा होऊन फुगा येतो, हा गोधडीवाल्यांचा कायमचा त्रास आहे. आपल्याकडे वरती अखंड साडी असते त्यामुळे तो फुगा जिरवायला जागाच नसते, सारखं हाताने सारत राहावं लागतं. कवंदीत वरचा तुकडा तिथल्या तिथे ठरतो, थोडं जास्त झालं की पुढचा तुकडा जरा आत सरकवायचा, संपलं. खालची साडी तेवढी अधूनमधून हाताने सारखी करायची. म्हणून पहिल्या गोधडीला मी हीच पद्धत सांगते. तुझ्या वरच्या थराची साडी मग वर दिसणारच नाही, ती आतला थर होऊन जाईल, चालेल.

तुकडे लहान कापू नकोस. ही चूक फार होते, लोकांना वाटतं पॅचवर्क म्हणजे बारीक तुकडे. शर्टाची पूर्ण पाठ एक तुकडा म्हणून लाव, साडीचा हातभर लांब काठ तसाच पट्टी म्हणून लाव, आणि जिथे फट राहते तिथेच लहान तुकडा येऊ दे. कात्रीने छोटी चीर देऊन कापड हाताने फाडलंस तर ते धाग्याला धरून सरळ फाटतं, पट्टी लागत नाही. फक्त खूप विरलेलं कापड फाडू नको. आणि उरेब तुकडा, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेला, तो ताणला जातो, शिवताना लांबत जाईल आणि कडेला लाटा येतील, तसा तुकडा आलाच तर चारी बाजूंनी पिना लावून घे आणि अजिबात ओढू नको.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे, तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या अशाच न आखता गोधड्या शिवत आल्यात, कामाचे झिजलेले कपडे, डेनिमच्या पँटी, पिठाची पोती जे हाताला लागेल ते. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियमने त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि मग न्यूयॉर्कला गेलं, २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. तिथल्या गोधड्यांतली एक मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची केलेली आहे. फोटो नक्की बघ. निळे, राखाडी, मातकट लांबट तुकडे, गुडघ्यापाशी कापड विटून गेलेलं तसंच दिसतं. तू बाबांच्या शर्टांबद्दल लिहिलंयस ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यासमोर तीच गोधडी आहे. ओबडधोबड दिसेल का हा प्रश्न ती बघितल्यावर पडणार नाही.

रंगांचं आता बोलू. नाव असलेल्या रंगापेक्षा गडद आणि फिकं हे जास्त बघ. ढिगातली कापडं जमिनीवर पसर, मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढ, सगळंच मधल्या करड्यात गेलं असेल तर गोधडी मळकट दिसणार, मग थोडे अगदी गडद आणि थोडे अगदी फिके तुकडे मुद्दाम आण. माझ्या गोधडीत कुठेतरी पांढऱ्या धोतराचा वीतभर तुकडा असतोच, डोळ्याला टेकायला जागा. आणि एखादा भडक रंग, समजा राणी कलर, तो एकाच ठिकाणी ठेवू नको, तीन ठिकाणी येऊ दे, तिन्ही वेगळ्या मापाचे. बाकी मांडणीचा आदर्श हवाच असेल तर टेकडीवरून खाली शेतं बघ. बौद्ध भिक्खूंचं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, तुकडे जोडून करतात ना, त्याची मांडणी बुद्धाचा शिष्य आनंद याने मगधातली भातशेतं आणि त्यांचे बांध बघून केली असं विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आलंय. मी वाई-मेणवलीकडून जाताना दर वेळी बसच्या खिडकीतून हेच बघत बसते.

शिवणं. जमिनीवर चटई, त्यावर खालची साडी उलटी बाजू वर करून, चारही टोकांना वाट्या किंवा खलबत्ता ठेवून ताठ पसर, पण ताणू नको. वर मधले थर. मग मध्यापासून बाहेर असे वीतवीत अंतराने लांब कच्चे टाके घाल, घाई इथे करू नको, इथे आळस केला की शेवटी भोगावं लागतं. सगळे मिळून चार थर, फार तर पाच, त्यावर सुई जात नाही आणि बोटं सुजतात. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक असते, तुला जरा लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी, दुकानात गोधडीची सुई मागितलीस तरी देतात. दोरा हाताच्या लांबीएवढाच घे, लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून झिजतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर सरकतो छान. भरतकामाचा सहापदरी दोरा असेल तर तीन पदर घे, साधं रीळ असेल तर दुहेरी. फार मजबूत नायलॉनचा दोरा मी वापरत नाही, जुन्या कापडाला तो कापत जातो असा माझा अनुभव आहे. तुकड्याची कडा पाव इंच मुडपून कडेलगत धावदोरा, मग आत दीड-दोन बोटांवर दुसरी ओळ, तिसरी, तुकडा भरेपर्यंत. गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची. टाका लहानमोठा होईल, होऊ दे, पण दोरा खेचू नको, खेचलं की कापड गोळा होतं. दर ओळीनंतर शिवलेल्या भागावरून तळहात फिरव, मग पुढे जा. दोन ओळींमधलं कापड जरासं उमलून येतं ना, तिथेच हवा अडकते आणि तीच ऊब.

म्हणून कापूस नको. पिंजलेला कापूस भरला की ती दुलई झाली, तिला वेगळं टाचणं लागतं आणि घरी धुतली तर कापसाचे गोळे होतात. पॉलिफिल, म्हणजे पॉलिस्टरचं भरण, दीड इंचाच्या ओळीत टिकेल पण हाताने तेवढ्या जाड थरातून सुई काढणं नवख्याला अवघड, आणि आपल्या हवेला ते घामटही होतं. विरलेल्या साड्यांचा तिसरा ढीग आहे ना, तोच पोटात घाल. आमच्या घरात तर जुनी वाकळ पूर्ण विरली की नवीन दोन साड्यांच्या मध्ये तीच घालायचे, माझ्याकडे एक आहे तिच्या पोटात पणजीची आहे, हाताला एका जागी जास्त जाड लागते ती.

पांढरं धोतर किंवा चादर जास्त असेल तर थोडं रंगवून बघ, डाळिंबाची सालं रात्रभर भिजवून उकळ, कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं असू दे, सुंदर पिवळा येतो. हळदीचा नको, पहिल्या आठवड्यात झकास दिसतो आणि उन्हात उडून जातो. उरलेल्या चिंध्यांची तीन पेडी वेणी घालून गोल शिवत गेलीस तर पायपुसणं होतं, यात मुलांना बसव.

धुण्याबद्दल विचारलं नाहीस तरी सांगते. गावाकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या, अजूनही नेतात, धरणाच्या काठाला रांगेने वाळत घातलेल्या दिसतात. फ्लॅटमध्ये काय करायचं तर टबात तासभर भिजवून पायाने तुडव, पिळू नको, तशीच निथळू दे, आणि एका तारेवर लोंबकळत ठेवू नको, दोन तारांवर आडवी पसर म्हणजे वजन वाटलं जाईल. भर उन्हात पूर्ण खडखडीत वाळल्याशिवाय घडी नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नको, दमट राहून काळे ठिपके पडतात, जुन्या चादरीत बांध आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला टाक.

राहिला बाबांच्या शर्टांचा प्रश्न, खिसे काढायचे की ठेवायचे. ठेव. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिने वडिलांच्या शर्टाचा खिसा गोधडीवर डाव्या हाताला येईल असा ठेवला, त्याच्या तीनच बाजू शिवल्या आणि तोंड उघडं ठेवलं, रात्री झोपताना ती चष्मा त्यात ठेवते. कॉलर मात्र उसवून सपाट कर, ती फार थरांची असते, सुई जाणार नाही. बटणं काढून डबीत ठेव, अंगाखाली टोचतात, आणि काजांची पट्टी तशीच लाव, त्या काजांमधून खालची आजीची साडी थोडी थोडी दिसेल.